घामाच्या पेटीला जागा

आमच्या गावात घाम काढायला मुद्दाम खोली बांधतील, असं दहा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला ताकभात घालून झोपायला पाठवलं असतं. समुद्र इथून हाकेवर. मे महिन्यात नुसतं बसून राहिलं तरी पदर पिळून वाळत घालायची वेळ येते. पण माझ्या मुलाने, दत्तप्रसादने, घरात सौना बसवायचं मनावर घेतलं आणि गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

सौना म्हणजे काय, ते त्याने मला मोबाइलवर दाखवलं. लाकडी फळ्यांची एक खोली. कपाटापेक्षा मोठी, खोलीपेक्षा लहान. आत विजेची शेगडी, तिच्यावर दगड. दगड तापले की पळीने पाणी ओतायचं, वाफ काढायची आणि टॉवेल गुंडाळून घाम गाळत बसायचं. मग थंड पाण्याने अंघोळ.

"आणि मगे?" मी विचारलं.

"मगे काय नाय. बरा वाटता."

"त्यापरास पावण्यांका मे म्हयन्यात माझ्या रांदपाघरात बसव. घाम तर येतलोच, वर चार भाकरे पण होतले."

"आये, तू हर एक गोष्टीची मस्करी करतंस," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकून गेला.

मस्करी नाही करायची तर काय करायचं? मी सहासष्ट वर्षांची. सहा वर्षांपूर्वी दत्ताने मुंबईची नोकरी सोडून घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. तेव्हापासून मी रोज पहाटे उठून घावण्याचं पीठ ढवळते. पाहुण्यांना घावणे लागतात, चटणी लागते, मग सोलकढी लागते, मग ती कशी करतात ते बघायला स्वयंपाकघरात यायचं असतं. मला हल्ली कंटाळा येत नाही, थकवा येतो. कंटाळा आला तर माणूस उठून दुसरं काहीतरी करतो. थकलेल्या माणसाला उठावंसंच वाटत नाही.

माझी सून नम्रता कुडाळची. वाईट मुळीच नाही. माझ्याबरोबर राबते, माझ्याआधी उठायचा प्रयत्न करते, आणि तिच्या तोंडून मला उलटा शब्द कधी आलेला नाही. नात तन्वी बारावीत आहे. ती पुस्तकातून मान वर काढते ती जेवणापुरती. असं चार माणसांचं घर. बाकी सगळे पाहुणे.

हे घर आम्ही पंच्याण्णव साली बांधलं. आम्ही म्हणजे मीच. आमचे हे, गणपतराव, जहाजावर इंजिनखोलीत होते. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. चिरे आले तेव्हा ते कुठल्याशा बंदरात होते आणि घराला कौलं चढली तेव्हाही तिथेच कुठेतरी. मोकळ्या जागेत हातात काठी घेऊन मी उभी राहिले आणि गवंड्याला मातीवर रेघा मारून दाखवल्या. इथे पडवी, इथे लोटा, म्हणजे बसायउठायची मधली ओटी. इथे देवाची खोली, इथे चूल. समुद्राच्या बाजूची खोली आम्हा दोघांची. वर माडी, पुढेमागे मुलांना होईल. आणि अगदी मागे, न्हाणीला लागून, एक खोली बाळंतिणीची.

ती खोली मी फार विचार करून काढली होती. बाळंतिणीला चाळीस दिवस शेक द्यायचा, तर खोलीत ऊब टिकायला हवी. म्हणून तिचं छत मी मुद्दाम बुटकं घेतलं. अंघोळीचं पाणी लांबून आणायला नको, म्हणून न्हाणी शेजारी. जमिनीला उतार ठेवला, कोपऱ्यात मोरी काढली, धुराला झरोका ठेवला. माझी मुलगी आकांक्षा पहिल्या खेपेला तिथेच राहिली. निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी आणि तो बारका आवाज. त्यानंतर त्या खोलीत नारळ, तांदळाचे डबे आणि जुन्या गाद्या गेल्या, आणि ती मागली खोली झाली.

आता ती माझी आहे. म्हणजे मी तिथे झोपते.

तिथे कशी पोचले, तेही सांगते, कारण एका दिवसात नाही पोचले. हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी पाहुणे सुरू झाले. समुद्राच्या बाजूची खोली पाहुण्यांना हवी होती, कारण समुद्र बघायलाच तर ते येतात. दत्ता म्हणाला, "आये, थोडे दिवस माडयेर झोप." मी माडीवर गेले. मग माडीवर न्हाणीघर बांधलं आणि तिथेही पाहुणे आले. "आये, थोडे दिवस तन्वीवांगडा झोप." तन्वी दहावीत गेली, तिचा दिवा बारा-बारा वाजेपर्यंत जळायला लागला. "आये, थोडे दिवस मागल्या खोलयेत." नारळ बाहेर काढले, खाट आत घातली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं म्हणतात. आमच्याकडे पाय भटाचे पसरत गेले आणि मागे मागे मी सरकत गेले. तक्रार नाही केली. त्या वेळी खरंच वाटायचं, थोडेच दिवस आहेत.

तर, सौना.

नोव्हेंबरात कोल्हापूरहून कंपनीचा माणूस आला. तिशीचा असेल, चेहरा हसरा. हातात एक यंत्र होतं. त्याने भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि माप यंत्रातच दिसायचं. त्याच्याबरोबर आमच्या गावचा वायरमन बाळा, दत्ता आणि नम्रता. मी दाराशी उभी. चहाचे कप कोणाला तरी उचलायला हवेच होते.

"काकी, काय काय लागतं सांगतो," तो माणूस मला म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "न्हाणीघर जवळ पाहिजे. जमिनीला उतार पाहिजे. छत सात फुटांच्या आसपास, जास्त उंच असेल तर गरम हवा वरच राहते. बाहेरच्या भिंतीला झरोका. आणि मीटरपासून जवळ, कारण हीटरला वेगळी जाड वायर लागते. हे सगळं एका जागी मिळालं की काम झालं."

मी पटकन कप उचलले. का, ते मला तेव्हाच कळलं होतं.

आधी पडवी बघितली. दत्ताला पडवीचा एक कोपरा बंद करून घ्यायचा होता. पण पडवी रस्त्यासमोर. टॉवेल गुंडाळलेला पाहुणा लालबुंद होऊन दार उघडणार आणि समोर पोस्टमन उभा, हे नम्रतालाच पटेना. मग माडी. तिथे बाळाने मान हलवली. "हंयसर वायर आणूची तर खालसून वर भिंत खणूची लागतली. आणि लोड झेपूचो नाय." जिन्याखाली बघितलं, तिथे कंपनीच्या माणसाचंच डोकं आपटलं. देवाच्या खोलीशेजारी मोकळी जागा होती, पण तिकडे त्याने नुसता लाल ठिपका टाकला तसे आम्ही तिघेही एकदम "नाय नाय" म्हणालो. देवाच्या भिंतीला पाठ लावून कोणी उघड्याने घाम गाळत बसणार, हे माझ्या दत्तालाही झेपणारं नव्हतं. बरं वाटलं, काहीतरी शिल्लक आहे म्हणून.

मग मागीलदार, म्हणजे मागचं अंगण. तिथे जुनी न्हाणी आहे, चुलाण्यावर तांब्याचा हंडा बसवलेला. मी आशेने म्हटलं, "हंयसर बसव मां. आधीच घामाची जागा."

"काकी, हे घराच्या आत बसवायचं मॉडेल आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "इथल्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात हीटर गंजेल. आतच पाहिजे."

आत म्हणजे कुठे, ते सगळ्यांना माहीत होतं. पाऊण तास आम्ही घरभर फिरत होतो आणि तीन वेळा त्या दारावरून गेलो होतो. तीनही वेळा दत्ताने चालण्याचा वेग वाढवला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नव्हतं. शेवटी बाहेरच्या माणसानेच ती बांधली. त्याला काय माहीत? न्हाणीतून परत येताना त्याने मागल्या खोलीचं दार ढकललं.

लाल ठिपका छतावर गेला. मग खाली, मोरीवर. मग झरोक्यावर. त्याने भिंतीवर टकटक केलं.

"पलीकडे काय?"

"मीटर," बाळा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"अहो, मग इतका वेळ फिरतोय कशाला आपण? ही खोली जणू याच कामासाठी बांधलीय."

बांधली होतीच. घाम यावा, ऊब टिकावी, म्हणूनच बांधली होती. मीच बांधली होती. मला तेव्हा हसूच आलं.

त्याने आत नजर फिरवली. माझी खाट. खिडकीत चष्मा आणि गुडघ्याचं तेल. दांडीवर माझी दोन पातळं. भिंतीवर ह्यांचा जहाजाच्या गणवेशातला फोटो. तो जरा थबकला.

"ही खोली कोणाची?" त्याने विचारलं.

नम्रता फरशीकडे बघायला लागली. दत्ताने मोबाइल काढला. बाळाने स्क्रूड्रायव्हर या खिशातून त्या खिशात घातला. मी वाट बघितली. खूप नाही, एक घोट गिळण्याइतकी. मग मीच म्हणाले, "कोणाची नाय. मागली खोली ती."

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, 'असं काय, आई झोपते इथे.' मी तेवढ्यासाठीच तसं म्हटलं होतं. लहानपणी नाही का, जेवायला बसलं की 'मला नको' म्हणायचं, म्हणजे आई आग्रह करते. सहासष्टाव्या वर्षी मी तेच केलं आणि तोंडावर पडले.  त्या माणसाने वहीत मापं लिहून घेतली.

संध्याकाळी दत्ता माझ्याशेजारी येऊन बसला. मी कोळंबी सोलत होते. तोही दोन-चार सोलायला लागला, आणि कोळंबी सोलायला बसतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

"आये, लोट्यार वारो बरो येता."

"येता."

"थंय तुझी खाट घालूया. मधी एक पडदो लावतंय. थोडे दिवस. फुडच्या वर्साक मागे नवी खोली काढतंय, तुझ्यासाठी."

लोटा म्हणजे आमच्या घराचा रस्ता. पडवीतून माजघरात, माजघरातून माडीवर, जो तो लोट्यावरून जातो. पाहुणे रात्री उशिरा येतात, बॅगा ओढत. दत्ताला हे माहीत होतं. तो तोंड वर करून बोलत नव्हता, कोळंबीकडे बघून बोलत होता.

"बरा," मी म्हणाले.

भांडायला दम लागतो. आणि खरं सांगायचं तर मला भांडून जागा नको होती. आपण न मागता कोणीतरी म्हणावं, ही तुझी, एवढंच हवं होतं. मागून घेतली असती तर तिथे झोप लागली नसती.

आठवड्याभरात सौनाची खोकी आली. अकरा. पडवीत छतापर्यंत लागली. कंपनीचा माणूस डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी दोन सुतार घेऊन येणार होता, आणि त्याच्या आदल्या रविवारी मला खोली रिकामी करून द्यायची होती.

आणि मधेच देवाने कौल दिला. गावपळण!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवळात कौल लावतात, देवाने उजवा दिला की दिवस ठरतो, आणि त्या दिवशी सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. वेशीपलीकडच्या माळावर बांबू आणि नारळीच्या झापांच्या खोपी घालायच्या आणि तिथे राहायचं. चौथ्या दिवशी परत कौल, देवाने हो म्हटलं की घरी. का जायचं, याला जितकी माणसं तितकी कारणं आहेत. मी कधी विचारलं नाही. जायचं असतं म्हणून जातो.

ठरलेला दिवस निघाला नेमका तो रविवार.

दत्ताची तारांबळ उडाली. पाहुण्यांची बुकिंगं रद्द करायला लागली. कंपनीच्या माणसाला फोनवर समजावता समजावता तो घामाघूम झाला, सौनाशिवाय.

"गाव बंद म्हणजे? कर्फ्यू लागलाय काय तुमच्याकडे?" तिकडून तो विचारत होता.

"कर्फ्यू नाही हो. देवाचं आहे. गुरुवारी या."

त्या रविवारी सकाळी मी माझी ट्रंक भरली. सगळे तीन दिवसांपुरतं बांधत होते. मी सगळंच बांधलं. नाहीतरी परत आल्यावर खोली रिकामी करायचीच होती, दोनदा कशाला वाका? पातळं, तेल, औषधं, ह्यांचा फोटो, आकांक्षाच्या लहानपणीची एक वाटी. एक ट्रंक आणि एक गाठोडं. तेहतीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाची बायको मी. सामान आटोपशीर ठेवायची आमच्या घरात रीतच होती. दत्ताने ट्रंक टेम्पोत चढवली. "जड झाली गो," एवढंच म्हणाला.

माळावर पोचलो तेव्हा अर्ध्या गावाच्या खोपी उभ्या राहिल्या होत्या. आमच्या घरच्या दोन. एक दत्ता, नम्रता आणि तन्वीची. दुसरी माझी आणि कोंबड्यांची. दत्ता हातात पहार घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, सांग, तुझी खोप खंय घालूया?"

आमच्याकडे गावपळणीला घरातली मोठी बाई आधी चुलीची जागा दाखवते, मग सगळं तिच्याभोवती उभं राहतं. म्हणून त्याने विचारलं. रीत म्हणून. पण तीस वर्षांनी कोणीतरी मला विचारलं होतं, तुझं कुठे घालू. मी काठी घेतली आणि मातीवर रेघ मारली. काजूच्या झाडाखाली, उगवतीला तोंड. वारा समोरून न येता बाजूने यावा. झोपायची जागा आत, डाव्या हाताला. ह्यांचा फोटो मधल्या खांबाला. कोंबड्या दाराशी.

"बरी जागा काढलंस," दत्ता म्हणाला.

"माका जागा काढूक येतत," मी म्हणाले. त्याला ते टोचलं की नाही, कोण जाणे.

त्या दुपारी मी जेवून आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. कोणी हाक मारली नाही. घावणे नाहीत, पाहुणे नाहीत, दारावरून बॅगा नाहीत. अंगाखाली गवत आणि वर चटई. कोंबड्या आपसात काहीतरी पुटपुटत होत्या. इतकी झोप मी वर्षभरात झोपले नव्हते. उठले आणि थोडं रडले. दुःखाने नाही. थकवा उतरायला लागला की डोळ्यांतून उतरतो, तसं.

शेजारच्या खोपीत शेवंती होती. आम्ही एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तिच्याशी मला काही झाकावं लागत नाही.

"गो विमल, बरी झोपलंस?" तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

"झोपलंय गो. कोंबड्यांवांगडा झोपलंय, पण झोपलंय."

मग मी तिला सगळं सांगितलं. घामाची पेटी, लाल ठिपका, लोटा, पडदा. ती चुलीत फुंकत ऐकत होती.

"मगे बोलत कित्याक नाय तू तेका?"

"तेका डोळे नाय? माझी खाट थंय, माझो चष्मो थंय. आपल्याच झीलाक आवशीन सांगूचा काय, की मी हंय ऱ्हवतंय म्हणान?"

"डोळे आसत तेका," शेवंती म्हणाली. "पण त्या माणसान इचारल्यान तेवा 'कोणाची नाय' म्हणान कोणी सांगल्यान? तूच मां?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी तिच्या चुलीवरचा चहा तिलाच न विचारता गाळून घेतला आणि माझ्या खोपीत जाऊन बसले. पण दिवसभर तेच डोक्यात. घर बांधताना मी सगळ्यांच्या जागा काढल्या. देवाची, चुलीची, मुलांची, जन्मायच्या नातवंडांचीसुद्धा. माझं नाव कुठल्याच खोलीला दिलं नाही. विचारलं तेव्हाही नाही म्हटलं. मग दुसऱ्याने कुठून द्यावं?

चौथ्या दिवशी सकाळी देवळाकडून ढोल वाजला. कौल झाला, देवाने घरी बोलावलं. माळावर एकच गडबड उडाली. झापा सुटायला लागल्या, गुरं सुटायला लागली, टेम्पो हॉर्न वाजवायला लागले. नम्रताने त्यांची खोप अर्ध्या तासात गुंडाळली. दत्ता माझ्याकडे आला तेव्हा मी चटईवर बसले होते. काहीच बांधलं नव्हतं.

"आये, चल. टेम्पो थांबलो आसा."

"खंय?"

"खंय म्हणजे? घराक."

"घरात खंय?"

तो हसला. मग हसू थांबलं. त्याने आत बघितलं. गवताच्या गादीवर घडी घातलेली पातळं, कडेला तेलाची बाटली, वाटी, खांबाला वडिलांचा फोटो. तीन दिवस तो येऊन-जाऊन होता, पण बघितलं त्याने तेव्हाच.

"सगळाच घेवन इलंस?" त्याने विचारलं.

"थंय ठेवूक जागा खंय आसा?"

मी भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. दमलेल्या सुरात म्हटलं होतं. सगळ्या घराची मापं घेतलेला माझा मुलगा दारातल्या ट्रंकेवर बसला आणि मातीकडे बघत राहिला. तो काहीतरी म्हणेल म्हणून मी पुन्हा थांबले. पण या वेळी गप्प बसून थांबायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"दत्ता, त्या दिवशी मी खोटा बोललंय," मी म्हणाले. "ती खोली माझी आसा. माका लोट्यार झोप येवची नाय."

  टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी दत्ता उठला, फोटो स्वतःच्या हाताने उतरवला, शर्टाने काच पुसली आणि माझ्याकडे दिला. मग सामान भरलं, कोंबड्या डालल्या आणि आम्ही निघालो. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत नव्हतं, आणि विचारायचं त्राणही नव्हतं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

घर तीन दिवसांत गार पडलं होतं. कोंदट वास येत होता. पडवीत ती अकरा खोकी तशीच, वर मांजराची पावलं. दत्ताने माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि पुढे चालायला लागला. मी मागे, हातात फोटो. पडवी ओलांडली. लोट्यावर आला आणि थांबला. तिथे भिंतीलगत त्याने आठवड्यापूर्वीच पडद्यासाठी दोरी बांधून ठेवली होती. मी पण थांबले. ट्रंक खाली उतरते की काय, एवढंच बघत होते. 

त्याने ट्रंकेचा तोल दुसऱ्या खांद्यावर घेतला, दोरीखालून मान वाकवली आणि पुढे गेला. माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीशेजारचं दार. दार पायाने ढकललं. आत ट्रंक ठेवल्याचा आवाज झाला.

मी जाऊन खाटेवर बसले. तो माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मी चष्मा खिडकीत ठेवला, फोटो खिळ्याला लावला. तेवढ्यात पलीकडे मीटरजवळ त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. बाहेरच्या माणसाशी बोलतो तसा, शुद्ध.

"हां, नमस्कार. उद्या नका येऊ. नाही, घरी आलो आम्ही. पण ती मागची खोली नाही देता येणार. हो, मापं बरोबर आहेत, सगळं बरोबर आहे." मग बराच वेळ तिकडचा माणूस बोलत असावा. "नाही हो, तसं नाही. तुम्ही विचारलं होतं ना, कोणाची म्हणून? ती आमच्या आईची खोली आहे."

मग तो दुसऱ्या जागेबद्दल काहीतरी बोलला, खोकी परत न्यायची झाली तर काय, असंही काहीतरी. ते मी नीट ऐकलं नाही.

स्वयंपाकघरात नम्रताने तीन दिवसांनी चूल पेटवली होती. तिने तिथूनच विचारलं, "आई, चहा ठेवते, घेणार?"

एरवी मी उठून गेले असते. मी म्हटलं, "ठेव."

तिने तो आणून दिला, आणि मी माझ्या खोलीत बसून प्यायले.